रोबोंची कुजबुज

हौशी रोबो बनवणाऱ्या पोरांची तक्रार ठरलेली असते. दोन छोटे रोबो इन्फ्रारेडवर बोलतात खरे, पण हातभर अंतरापलीकडे गेले की अबोला! नाशकातल्या एप्रिलच्या उन्हात गॅलरीत नेले तर तेवढंही नाही. मग सल्लेही ठरलेले. एक पक्ष म्हणतो, एलईडीचा करंट वाढव. दुसरा म्हणतो, कशाला नसते उद्योग, ब्लूटूथ लाव आणि मोकळा हो.

मला दोन्ही पक्ष पटत नाहीत. रेंज वाढवायला खरा वाव ऐकणाऱ्या रोबोच्या बाजूला असतो, आणि तिकडे कुणी बघत नाही.

करंटचं गणित सोपं आहे. अंतर दुप्पट हवं तर प्रकाश चौपट लागतो. समजा २० मिलिअँपिअरवर एक मीटर मिळतोय, तर दोन मीटरसाठी ८० आणि तीनसाठी १८०. चार पेन्सिल सेलवर मोटर, बोर्ड आणि हे सगळं चालवायचं म्हणजे बॅटरीचे हाल. अरुंद झोताचा एलईडी लावला तर त्याच करंटमध्ये लांब पोचतो हे खरं, पण रोबो जरा वळला की झोत भिंतीवर. म्हणजे चारी बाजूंना एलईडी आले, पुन्हा करंट आलाच.

आता ऐकणाऱ्याकडे या. टीव्हीच्या रिमोटसाठी बनलेला तो तीन पायांचा रिसीव्हर, टीएसओपी१७३८, डेटाशीटवर ३५ मीटरचं आश्वासन देतो. अर्थात तगडा एलईडी आणि अंधारी खोली धरून, पण आपल्याला त्याचा दहावा भाग मिळाला तरी पुष्कळ. तो मिळत नाही, कारण आपण त्याच्या अटी वाचत नाही. त्याला ३८ किलोहर्ट्‌झवर लुकलुकणारा प्रकाशच ऐकू येतो. प्रोग्रॅममध्ये डिले टाकून काढलेली लुकलुक हमखास इकडेतिकडे सरकते, आणि जितकी सरकते तितका तो बहिरा होतो. टायमर वापरा. १६ मेगाहर्ट्‌झच्या आर्डुइनोवर ४२१ ठोक्यांचं एक आवर्तन धरलं की काम फत्ते, पैसे शून्य.

दुसरी अट त्याहून महत्त्वाची. सलग ३८ किलोहर्ट्‌झ पाठवत राहिलात तर तो त्याला गोंगाट समजतो आणि स्वतःचे कान आपोआप झाकतो. डेटा छोट्या छोट्या तुकड्यांत, मधे श्वास घेत पाठवायचा. रोबोचा मोटरवाला गोंगाट वेगळाच. त्यासाठी रिसीव्हरच्या सप्लायवर १०० ओहमचा रेझिस्टर आणि ४.७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, अगदी पायाशी. चहाच्या कटिंगपेक्षा स्वस्त. ऊन अडवायला पुठ्ठ्याची टोपी करा. (काळं प्लॅस्टिक वापरण्याआधी तपासून घ्या. रिमोटची काळी खिडकी आपल्याला काळी, पण इन्फ्रारेडला काच असते.)

राहिला ब्लूटूथवाला पक्ष. २००८ साली पुण्याला बालेवाडीत एबीयू रोबोकॉन झाली, विषय चक्क गोविंदा! त्या काळच्या नियमांत माणसाने चालवायच्या रोबोला रेडिओलहरी बंद होत्या. केबल, नाहीतर इन्फ्रारेड, दिसणारा प्रकाश किंवा आवाज, एवढेच पर्याय. आता वाय-फाय असलेला बोर्ड काही शे रुपयांत येतो, त्यामुळे गाईड लोकही तोच लावायला सांगतात. चालतं की. पण रेडिओ संदेश सगळ्या खोलीला देतो. माझ्या समोर कोण, किती जवळ, कुठल्या बाजूला, हे त्याला सहजासहजी सांगता येत नाही. आठवतंय का, दोन फोन समोरासमोर धरून रिंगटोन पाठवायचो ते? मधे हात आला की खेळ खलास. तो वैताग होता, पण कुणाशी बोलतोय याबद्दल शंका नव्हती.

हार्वर्डच्या किलोबॉट्सनी हाच गुण पकडला. २०१४ साली त्यांनी १,०२४ रोबो एकत्र हलवून आकार करून दाखवले. प्रत्येक जेमतेम ३३ मिलिमीटरचा. इन्फ्रारेड टेबलावरून परावर्तित करून शेजाऱ्याशी बोलायचं, आणि रेंज फक्त ७ सेंटिमीटरच्या आसपास! संदेश किती क्षीण होऊन आला यावरून शेजारी किती लांब ते कळतं. प्रत्येकाचा आवाज सगळ्या टेबलभर गेला असता तर शेजारी कोण हेच समजलं नसतं, शिवाय एकमेकांच्या बोलण्यावर बोलणं झालं असतं ते वेगळंच.

म्हणून सबमिशनच्या आदल्या आठवड्यात 'रेंज दहा मीटर' असं पोस्टरवर छापायला धडपडणाऱ्या पोरांची मला काळजी वाटते. परीक्षक वाहवा करतील, मार्कही पडतील. पण पाच रोबो एकदम सोडले की गोंधळ होणार, आणि तो का झाला ते कुणालाच सांगता येणार नाही. त्यापेक्षा एक मीटर घ्या, आणि त्यात शंभरपैकी किती संदेश धड पोचतात ते मोजा. मोटर बंद ठेवून, मग चालू करून, ट्यूबखाली, मग उन्हात. हे चार आकडे पोस्टरवर दिसले तर मी तरी थांबून वाचेन.

आणि हो, दुकानातून टीएसओपी आणताना अंगावरचा नंबर वाचून घ्या. शेवटचे दोन आकडे म्हणजे फ्रिक्वेन्सी. ३८ मागितला आणि ५६ हातात पडला तर वरचं सगळं करूनही तुमचे रोबो एकमेकांकडे बघत बसतील :-)