खेळ पडद्यावरचा, प्रश्न हाताचा

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचे संवर्धन व नियमन करणारा कायदा संमत केला, तेव्हा सार्वजनिक चर्चेचा सारा झोत पैशावर पडला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी आली. ते चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, त्यांची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास लाखांपर्यंत दंड, अशी कडक तरतूद झाली. किती कंपन्यांचा धंदा बसला, सरकारचा किती महसूल बुडाला आणि किती संसार वाचले, याची गणिते मांडण्यात पुष्कळ शाई खर्च झाली. या गदारोळात कायद्याचा दुसरा भाग जवळजवळ दुर्लक्षितच राहिला. ज्यात पैजेचा पैसा नाही अशा स्पर्धात्मक खेळाला, म्हणजे ई-क्रीडेला, या कायद्याने मान्यतेचा मार्ग मोकळा केला आहे. मात्र त्यासाठी एक अट आहे. अशा खेळाचा निकाल केवळ शारीरिक चपळाई, बौद्धिक तत्परता, डावपेचांची जाण यांसारख्या कौशल्यांवर ठरला पाहिजे.

या अटीतील ‘केवळ’ हा शब्द वाटतो तितका निरुपद्रवी नाही. जो तरुण हे खेळ रोज खेळतो, त्याला तो पटणार नाही. निकाल कौशल्यावर ठरतो हे तो मान्य करील. परंतु हातात कोणते साधन आहे यावरही तो ठरतो, हे सांगायला तो विसरणार नाही. संगणकीय खेळांवर पालक बोलतात, डॉक्टर बोलतात, मंत्री आणि उद्योगपती बोलतात. खेळणाऱ्याला खेळाविषयी आणि खेळाच्या साधनाविषयी काय वाटते, हे विचारण्याची गरज मात्र फारशी कोणाला भासत नाही. वस्तुतः सार्वजनिक धोरणाला आज उणीव आहे ती याच मताची.

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग, पूर्वीचा क्रमांक सातचा आणि आजचा चव्वेचाळीसचा, येथून जातो आणि चंद्रपूरची वाट येथेच फुटते. देशाची उत्तर-दक्षिण रहदारी ज्याच्या दारावरून जाते, अशा या गावात बाहेरच्या जगातील कोणतीही नवी वस्तू पोचायला वेळ लागत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि पडद्यावरचा खेळही अशा गावोगावी पोचला. शहरातल्या मुलाच्या टेबलावर कन्सोल असेल, संगणक असेल, हातात कंट्रोलर असेल; कापूस आणि सोयाबीनच्या या मुलखातील मुलाच्या हाती असतो तो फोन, आणि पुष्कळदा तोही घरात सर्वांत मिळून एक. खेळ एकच, परंतु साधने दोन, आणि या दोन साधनांमधील अंतर पुसट नाही.

काचेवरचा अंगठा

कंट्रोलर ही क्षुल्लक वस्तू नव्हे. तिच्यामागे जवळजवळ अर्धशतकाचा अनुभव आहे. १९७७ च्या सुमारास अटारीच्या यंत्राबरोबर मिळणारी जॉयस्टिक म्हणजे एक दांडी आणि एक बटण एवढेच होते. १९८२ मध्ये निन्टेन्डोच्या गुम्पेई योकोई यांनी दांडीऐवजी अधिकचिन्हाच्या आकाराचे बटण बसविले आणि दिशा देण्याचे काम डाव्या अंगठ्याकडे सोपविले. १९९७ मध्ये सोनीने दोन्ही अंगठ्यांखाली एकेक फिरती दांडी आणि हाताला जाणवणारे कंपन दिले. त्यानंतर बाजारात आलेले बहुतेक कंट्रोलर याच घडणीचे आहेत. या सर्व बदलांचा हेतू एकच होता : खेळणाऱ्याची नजर पडद्यावर राहावी आणि बोटांना आपली जागा न पाहता कळावी.

फोनच्या काचेवर नेमके हेच हरवते. काचेला कड नाही, उंचवटा नाही, दाबल्याची जाणीव नाही. जे पाहायचे त्यावरच अंगठा ठेवावा लागत असल्याने शत्रू आणि बोट एकाच जागी येतात. यावर खेळाडूंनी आपल्या परीने तोड काढली. दोन अंगठ्यांऐवजी चार-चार बोटे पंजासारखी वाकवून खेळण्याची रीत रुळली. घामेजल्या बोटांवर चढविण्याच्या कापडी टोप्या आल्या. फोनच्या वरच्या कडेला चिमट्यासारखे अडकवायचे प्लास्टिकचे चाप आले. अभावातून साधलेल्या या कल्पकतेचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे. तथापि तीच असमानतेची साक्षही आहे. काही महागड्या फोनांवर सेकंदाला १२० चित्रे उमटतात, स्वस्त फोनावर त्याच्या निम्मीही धड उमटत नाहीत. समोरचा माणूस एकाला आधी दिसतो, दुसऱ्याला नंतर. या पराभवाला कौशल्याचा अभाव म्हणणे म्हणजे बैलगाडीने मोटारीमागे राहण्याचा दोष बैलांना देणे होय.

साधनाचा नियम

खेळाच्या इतिहासात हा प्रश्न नवा नाही. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थ येथील कसोटीत डेनिस लिली अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला. त्यानंतर बॅटीचे पाते लाकडाचेच असावे असे नियमात लिहिले गेले. २०१७ मध्ये तर बॅटीच्या कडेची जाडी ४० मिलिमीटरहून अधिक नसावी, इथपर्यंत क्रिकेटचा नियम गेला. जलतरणात कृत्रिम धाग्यांच्या पोशाखांनी २००९ मध्ये विक्रमांची रास ओतली, तेव्हा पुढील वर्षाच्या आरंभापासून ते पोशाख बाद करण्यात आले. साधन खेळाडूला वरचढ होऊ लागले की नियमाने मध्ये यायचे, हा संकेत सर्व प्रौढ खेळांनी पाळला आहे.

पडद्यावरच्या खेळांतही त्याची सुरुवात झाली आहे, पण ती कंपन्यांनी आपापल्या सोयीने केली आहे. २०१९ मध्ये जपानचा नामवंत खेळाडू दाइगो उमेहारा याने दांडीऐवजी केवळ बटणांची एक पेटी वापरायला घेतली. कॅपकॉम या कंपनीने आपल्या स्पर्धेत तिला मनाई केली. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हॉल्व्ह या कंपनीने ‘काउंटर-स्ट्राइक २’ या खेळात, कीबोर्डच्या अंगच्या यंत्रणेकडून हालचाल अचूक करून घेण्याची सोय बाद ठरविली. पबजीच्या मोबाइल आवृत्तीत संगणकावरून खेळणाऱ्यांची गाठ त्यांच्यासारख्यांशीच घालून देण्याची व्यवस्था होती. याउलट काही खेळांत कंट्रोलर धरणाऱ्याचा नेम यंत्रच थोडासा सावरून देते, आणि ही मदत न्याय्य की अन्याय्य यावर खेळाडूंचे वाद थांबत नाहीत. हे वाद पोरकट नव्हेत. पंचाचा निर्णय आणि खेळपट्टीचा दर्जा यांवर जसे क्रिकेटप्रेमी हिरिरीने बोलतात, तसेच हे आहे. फरक इतकाच की, क्रिकेटचे नियम खेळाबाहेर स्वतंत्रपणे उभी असलेली संस्था करते. येथे खेळ, मैदान, नियम आणि पंच ही सर्व एकाच कंपनीची मालमत्ता असते.

खेळाडूंचे म्हणणे ऐकले गेलेच नाही, असे नाही. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी देशातील काही नामांकित खेळाडूंशी संवाद साधला. त्यांत मुंबईचे नमन माथुर आणि मिथिलेश पाटणकर हेही होते. कौशल्याचा खेळ आणि जुगार एकाच मापाने मोजले जाऊ नयेत, हा मुद्दा त्या संवादात आला आणि पुढच्याच वर्षीच्या कायद्यात पैशाचा खेळ आणि ई-क्रीडा यांच्यामध्ये रेघ ओढली गेली. पण त्या बैठकीत होते ते यशस्वी आणि साधनसंपन्न खेळाडू. ज्याला साधनच नाही, त्याचे मत अशा बैठकीपर्यंत पोचत नाही.

वर्ध्याची जुनी कसोटी

साधनाचा विचार ते वापरणाऱ्याच्या हातापासून सुरू करावा, ही दृष्टी वर्धा जिल्ह्याला शिकविण्याची गरज नसावी. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी आजही वाचनीय आहेत. किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी; खेड्यातील स्त्रीला फार श्रम न होता त्यावर आठ तास काम करता यावे; यंत्र किमान वीस वर्षे टिकावे आणि त्याच्या दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांत भागावा. पुढे १९३७ मध्ये वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमची योजना निघाली आणि हाताला मिळणारे शिक्षण हेच बुद्धीचे शिक्षण, हा विचार देशापुढे आला.

चरखा आणि कंट्रोलर यांची बरोबरी करण्याचे कारण नाही. एक उत्पादनाचे साधन, दुसरे मनोरंजनाचे. परंतु किंमत, श्रम, टिकाऊपणा आणि दुरुस्ती ही चार मापे दोहोंना लागू पडतात, आणि या मापांवर आजचा कंट्रोलर उतरत नाही. सोनीचा कंट्रोलर २०२१ मध्ये भारतात आला तेव्हा त्याची एकट्याची किंमत ५,९९० रुपये होती. निन्टेन्डोच्या कंट्रोलरची दांडी काही काळाने आपोआप सरकू लागते, ही तक्रार जगभर इतकी वाढली की २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना क्षमा मागावी लागली आणि २०२३ मध्ये युरोपातील ग्राहकांना मुदतीनंतरही विनामूल्य दुरुस्तीचे आश्वासन द्यावे लागले. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोबाइल आहेत आणि शेतीची अवजारेही आहेत. खेळाच्या साधनांना हीच शिस्त लावण्यात अडचण कोणती? ज्यांची बोटे नेहमीसारखी चालत नाहीत, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणि सोनीने २०२३ मध्ये खास कंट्रोलर काढले. साधन हाताप्रमाणे बदलू शकते, हाताने साधनाप्रमाणे वाकलेच पाहिजे असे नाही, हे त्यातून सिद्ध झाले आहे.

धास्ती आणि नशिबाची पेटी

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. मुले आधीच फोनला चिकटली आहेत, अभ्यासाचे वाटोळे होत आहे. अशा वेळी त्यांना चांगले कंट्रोलर मिळावेत म्हणून कळवळा कशाला, असे शिक्षक आणि पालक विचारतील. त्यांची धास्ती निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अनावर व्यसनाचा समावेश आजारांच्या वर्गीकरणात केला असून ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून अमलात आले आहे. पण बंदीने हा प्रश्न सुटतो, असा अनुभव नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली; जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नव्या नावाने परतला; जुलै २०२२ मध्ये तो पुन्हा अदृश्य झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा अवतरला. या येरझाऱ्यांत मुलांची सवय सुटली नाही. फक्त नियम आज असतो आणि उद्या नसतो, एवढे मात्र ती शिकली.

खरा धोका वेगळ्याच जागी दडला आहे. अनेक खेळांत पैसे देऊन बंद पेटी विकत घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर सोडायचे, असा प्रकार असतो. पेटीतून रोख पैसा निघत नसल्याने तिला सहसा जुगार म्हटले जात नाही. बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्ये काही खेळांतील अशा पेट्यांना जुगार ठरविले. चीनने २०१७ पासून आतील वस्तू निघण्याची शक्यता जाहीर करणे बंधनकारक केले. आपल्याकडे पैजेच्या मोठ्या दरवाजाला कुलूप लावताना ही खिडकी उघडी राहता कामा नये. जाणता खेळाडूही याच पेटीवर चिडतो. पैसे मोजणाऱ्याला सरस शस्त्र मिळाले, की त्याच्या कौशल्याला मोल राहत नाही.

तेव्हा खेळाडूचे हित आणि पालकाची काळजी हे परस्परविरोधी पक्ष नाहीत. दोघांनाही हवा आहे तो ठरावीक वेळेचा, उघड नियमांचा आणि बरोबरीचा खेळ. मान्यताप्राप्त ई-क्रीडा स्पर्धांत साधनांप्रमाणे गट पाडावेत किंवा सर्वांना एकाच प्रतीचे साधन आयोजकांनीच पुरवावे. कबड्डीला दोघांना दोन वेगळी मैदाने कोणी देत नाही. नियम ठरविणाऱ्या मंडळावर कंपन्यांच्या प्रतिनिधींइतकेच खेळाडूही असावेत, आणि ते केवळ मुंबई-पुण्याचे नसावेत.

महाराष्ट्राने या क्षेत्रावर मोठ्या आशा ठेवल्या आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, गेमिंग आदी उद्योगांसाठी ३,२६८ कोटी रुपयांच्या आराखड्याचे धोरण मंजूर केले. त्याआधी जुलैमध्ये मुंबईत केंद्राच्या पुढाकाराने सर्जनशील तंत्रज्ञानाची संस्था सुरू झाली होती. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीचा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये जगापुढे आला आणि भारतीय कथा व चित्रशैली घेऊन येथेही दर्जेदार खेळ घडू शकतो, हे दिसून आले. पण असा खेळ घडवू पाहणाऱ्याने तो आधी नीट खेळलेला असावा लागतो. धोरणातील कोटींचा काही अंश तालुक्याच्या ग्रंथालयात किंवा शाळेत चार संगणक, चार कंट्रोलर आणि देखरेख करणारा एक शिक्षक यांवर खर्च झाला, तर जाम आणि मुंबई यांच्यातील अंतर थोडे तरी कमी होईल. मूल घराच्या कोपऱ्यात एकटे बसण्याऐवजी चारचौघांत खेळेल आणि खेळ केव्हा थांबवायचा हेही तेथेच शिकेल.

कायद्याने निकाल ‘केवळ’ कौशल्यावर ठरावा असे म्हटले आहे. जोवर एकाच्या हाती कंट्रोलर आणि दुसऱ्याच्या हाती तडा गेलेली काच आहे, तोवर तो शब्द कागदावरच राहील.