फिर्यादीची भूमिका आपल्या मुलीने का करू नये?

सातारा-सांगलीकडे विद्यार्थ्यांनी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावर अभिरूप न्यायालय भरवायचे ठरविले, की आपल्यांतीलच काही बाप म्हणतात, "मुलीने फिर्यादी होऊ नये, बोभाटा होईल." बंधूंनो, वंदनेत तिसरे शील घेता ते कोणासाठी? लाज छळणाऱ्याची की छळलेलीची?

राजस्थानात बालविवाह रोखण्याचे सरकारी काम करणाऱ्या भंवरीदेवींवर १९९२ साली बलात्कार झाला. १९९५ साली खालच्या न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून सोडले. तरी त्या गप्प बसल्या नाहीत. त्यातूनच १९९७ चा विशाखा निकाल आणि पुढे २०१३ चा कायदा आला. उसाच्या फडातील आपली भगिनीही आज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करू शकते. लिहिता येत नसेल, तर समितीनेच साहाय्य द्यावयाचे आहे. ती तक्रार मांडावी कशी, हे आपल्या मुलीने तालमीत शिकायचे नाही, तर मुकादमासमोर शिकायचे काय?