थर्मोस्टॅट काढून डिझेल वाचत नाही!

उन्हाळा लागला की ट्रॅक्टर-टेम्पोवाल्यांना एक सल्ला हमखास मिळतो: "थर्मोस्टॅट काढून टाका, इंजिन गार राहील." माझं स्पष्ट मत आहे, हा सल्ला आपल्याच खिशाला भोक पाडतो.

हिशोब साधा आहे. शंभर रुपयांचं डिझेल जाळलं की जेमतेम ३० ते ४० रुपयांचं काम मिळतं. बाकीची उष्णता सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून उडून जाते. इंजिन गरजेपेक्षा गार केलं की हा तोटा वाढतोच.

मग रेडिएटरच नको, असं कुणी करून बघितलं का? बघितलं. खुद्द रुडॉल्फ डिझेलचं १८९३ चं पहिलं इंजिन पाण्याच्या कूलिंगशिवाय होतं. पुढे त्यालाही पाणी आणावंच लागलं. १९८० च्या सुमारास अमेरिकन लष्करानं आणि आपल्या पुण्याला ओळखीच्या कमिन्सनं इंजिनात उष्णता अडवणारे भाग बसवून बिनरेडिएटरचा लष्करी ट्रक चालवून दाखवला. पण अडवलेली बरीच उष्णता सायलेन्सरच्या वाटेनं निसटते. तिला टर्बाइन लावून कामाला जुंपलं तरच खरा फायदा. शिवाय भिंती तापल्या की आत हवा कमी शिरते आणि ऑइल टिकत नाही.

टोयोटानं २०१५ मध्ये मधली वाट काढली. पिस्टनच्या माथ्यावर सच्छिद्र, पातळ थर दिला. तो आतल्या वायूबरोबर झटकन तापतो आणि झटकन निवतो. त्या २.८ लिटर इंजिनाची कमाल कार्यक्षमता कंपनी ४४ टक्के सांगते.

म्हणजे उष्णता नुसती कोंडूनही भागत नाही आणि नुसती घालवूनही नाही. आपल्या साध्या इंजिनात हा मेळ थर्मोस्टॅट राखतो. पाणी साधारण ८० अंशांपर्यंत तापेस्तोवर तो ते रेडिएटरकडे सोडत नाही. तो काढला की इंजिन तापायला वेळ लागतो, डिझेल नीट जळत नाही, ऑइल घट्ट राहतं, लायनर आणि रिंगा झिजतात.

गाडी तापतेय? मग रेडिएटरमधला गाळ बघा, फॅन बेल्ट बघा, वॉटर पंप बघा. थर्मोस्टॅट अडकला असेल तर नवा टाका, पण जागा रिकामी ठेवू नका. त्याची किंमत इंजिनकामाच्या बिलापुढे काहीच नाही.

आयटीआयमध्ये आणि कृषी प्रदर्शनांत ट्रॅक्टर विकणाऱ्यांनी एवढं तरी सांगायला हवं. तोपर्यंत आपणच एकमेकांना सांगूया. तुमच्या ट्रॅक्टरचा थर्मोस्टॅट जागेवर आहे का, आजच विचारा मिस्त्रीला.