तुणतुणेवाल्याचं नाव काय?

एक सोपा प्रश्न. 'दम मारो दम' कुणी म्हटलंय? हात वर करायची गरज नाही, आशाताईंनी, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यात आशाताई १९३३ साली सांगली संस्थानात जन्मलेल्या, म्हणजे आम्हा सांगलीकरांना तर घरचंच माणूस. संगीत पंचमदांचं, सिनेमा 'हरे रामा हरे कृष्णा', साल १९७१. आता पुढचा प्रश्न. या गाण्याची ती गिटार, जी ऐकल्याशिवाय आमच्या बँडमधला एकही पोरगा गिटार हातात धरत नाही, ती वाजवली कुणी?

आमच्या विंगमध्ये विचारून पाहिलं. चौदा जणांत एकाला आलं, आणि तोही गिटारच्या क्लासला जातो. उत्तर आहे भूपिंदर सिंग. तेच, 'दिल ढूंढता है' गाणारे. ते स्वतः मोठे गायक होते म्हणून निदान शोधल्यावर सापडतात तरी. गायले नसते तर?

असो. हा लेख गिटारवर नाही. माझा विषय त्याहून गरीब आहे. गिटारला सहा तारा, माझ्या माणसाकडे एकच. तमाशात किंवा पोवाड्यात शाहिराच्या मागे, डाव्या अंगाला, खांद्याशी एक डबडं धरून उभा असलेला माणूस आठवतोय का? पटका, सदरा, तोंडावर फारसा भाव नाही. तो तुणतुणेवाला. हसू नका! सगळे हसतात म्हणूनच लिहायला घेतलंय.

आपल्या भाषेनं या माणसावर जेवढा अन्याय केलाय तेवढा क्वचितच कुणावर केला असेल. कुणी तेच तेच बोलायला लागला की आपण म्हणतो, "काय एकच तुणतुणं लावलंय!" कुणी साहेबाच्या हो ला हो म्हणू लागला की "त्याची झील ओढतोय" म्हणतो. आता झील म्हणजे काय? शाहिरानं कडव्याची ओळ टाकली की मागचे झिलकरी ती उचलतात, 'जी जी रं जी' करत सूर लांबवतात, तेवढ्यात शाहिराला श्वास घ्यायला, पुढचं आठवायला, समोरच्या गर्दीकडे बघायला सवड मिळते. तुणतुणं आणि झील, दोन्ही कामं बहुतेक वेळा एकच माणूस करतो. म्हणजे एकाच माणसाच्या दोन कामांच्या आपण दोन शिव्या केल्या. पुढं उभं राहून गाणाऱ्यावरून अशी शिवी झाल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

मी वाळवा तालुक्यातला. आमच्या तालुक्यानं दोन माणसं अशी दिली की त्यांच्याशिवाय मराठी शाहिरीचा इतिहास लिहिताच येत नाही. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५), मूळचे श्रीधर कुलकर्णी, वतनदारी सोडून फडात गेलेले. आणि वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९), ज्यांची 'माझी मैना' संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत सभा-सभांतून गाजली. शिवाय सांगलीजवळ कवलापूर, काळू-बाळूंचं गाव. इकडे सातारा जिल्ह्यात वाई तालुक्यातलं पसरणी, शाहीर साबळ्यांचं (१९२३-२०१५). 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ साली राज्यगीत झालं, आता कार्यक्रमात ते लागलं की आपण उभे राहतो. शब्द राजा बढे, चाल श्रीनिवास खळे, आवाज साबळे. ओरलला विचारलं तरी सांगू. आणि अगदी मागे जायचं तर आपल्या प्रतापगडाचा प्रसंग, १६५९. त्यावर पोवाडा रचणारा अज्ञानदास. साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ लोटला तरी त्याचं नाव टिकलं. (अज्ञानदास हे नाव ज्ञात राहावं हीही गंमतच.) या सगळ्यांच्या मागे कुणीतरी तार छेडत, सूर धरत उभं होतं. त्यांची नावं कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावर आहेत?

"पण तो करतो काय? टुंग टुंग तर करतो!" हा माझ्या रूम पार्टनरचा आक्षेप. बरं, बघू काय करतो ते.

पहिलं म्हणजे तो शाहिराचा सा सांभाळतो. शाहिरी गळा चढा असतो, माईक नव्हते तेव्हापासूनची सवय. मैदानाच्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा तर आवाज वर काढावाच लागतो. अशा टिपेच्या आवाजात तासभर गायचं, मध्येच गाणं थांबवून गद्यात गोष्ट सांगायची, खानाचं सोंग आणायचं, ओरडायचं, आणि परत नेमक्या त्याच सुरावर यायचं, हे सोपं नाही. गद्य चालू असताना डफ गप्प होतो. तुणतुणं मात्र बारीक चालूच राहतं, ऐकू येईल न येईल असं. शाहीर परत गाण्यावर येतो तो त्याच सुराचा हात धरून. आपल्याला वाटतं काय अचूक सूर लागला!

दुसरं, लय. डफ आणि ढोलकी लयीला नटवतात, तुणतुणं तिला सरळ धरून ठेवतं. ढोलकीवाला हौसेनं कुठंही भटकून येतो, कारण घरी कुणीतरी दिवा लावून बसलंय हे त्याला माहीत असतं.

तिसरं म्हणजे वाद्य लावणं, आणि हे मला सगळ्यात भारी वाटतं. तुणतुण्याची तार खालून चामड्यात अडकवलेली असते आणि वर दांडीच्या खुंटीला. रात्रीचा तमाशा उघड्यावर, माघातलं दव पडतं, चामडं ओलं होऊन सैल पडतं, तार उतरते. आता शाहीर तर मध्यावर आलेला, थांबता येत नाही. मग हा गडी वाजवता वाजवता खुंटी केसभर पिळतो. सूर उतरण्याआधीच! आपण मेकॅनिकलवाले ज्याला क्लोज्ड लूप कंट्रोल म्हणतो आणि ज्यात माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची केटी लागते, तो हा माणूस पटक्याखालच्या दोन कानांवर चालवतो.

इंजिनिअरिंगचा विषय निघालाच आहे तर हेही सांगून टाकतो. गिटारमध्ये तार लाकडाच्या पाटीला समांतर असते. तुणतुण्यात ती चामड्याला जवळजवळ काटकोनात, मधोमध, खेचून बांधलेली. तार छेडली की ती एकदा डावीकडे जाते, एकदा उजवीकडे. दोन्हीकडे गेली की ताणते, म्हणजे तिच्या एका हेलकाव्यात चामड्याला ओढ दोनदा बसते. फर्स्ट इयरला मेल्डेचा प्रयोग केलाय ना? दोरा काट्याला कसा जोडलाय त्यावर वारंवारता दुप्पट की तेवढीच हे ठरतं, आणि आपण रीडिंग दुसऱ्याच्या जर्नलमधून उतरवली? तोच प्रकार. एका तारेच्या वाद्यातून आपल्याच वरच्या सप्तकाची धार असलेला असा टोकदार आवाज येतो त्याचं एक कारण हे. सी. व्ही. रामन तरुण असताना, १९०९ साली, त्यांनी एकतारीवर लेख लिहिला होता. तुणतुणं तिचं सख्खं भावंड. नोबेल मिळवणाऱ्या माणसाला त्यात डोकं घालावंसं वाटलं, आणि आपल्याला ते डबडं वाटतं.

पार्टनर म्हणाला, "मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप आहे की. फुकट." आहे. माझ्याकडेही आहे. पण ॲप सूर धरतं, माणूस धरत नाही. शाहिराचा आवाज त्या दिवशी बसलाय, तो अर्धी पट्टी खाली घसरलाय, हे ॲपला कुठून कळणार? ते आपलं बरोबर वाजत राहणार आणि शाहीर चारचौघांत बेसूर ठरणार. तुणतुणेवाला गुपचूप शाहिरासोबत खाली येतो. चूक झाकतो आणि झाकली हेही कुणाला कळू देत नाही. एवढा मित्र सबमिशनच्या रात्री मिळाला असता तर!

सगळेच तुणतुणेवाले असे असतात असं मी म्हणत नाही. झोपेत वाजवणारेही पाहिलेत. मी चांगल्यांबद्दल बोलतोय.

आता हे सगळं काढायचं कारण. गेल्या शिवजयंतीला एका कॉलेजच्या मैदानावर (कुठलं ते सोडा) आमच्या भागातले एक नावाजलेले शाहीर आले होते. माईक तीन. एक शाहिरांना, एक ढोलकीला, एक डफाला. तुणतुणेवाले काका, साठी उलटलेले, माईकच्या जरा जवळ सरकले तर साऊंडवाला खालून ओरडला, "ओ काका, मागं व्हा, किरकिर येतीय." काका मागं झाले. पुढचा दीड तास ते पडद्याला टेकून वाजवत होते. आम्हाला ऐकू येत नव्हतं, पण शाहिरांना येत होतं, कारण प्रत्येक कडव्याआधी ते मान किंचित मागं वळवत होते. नीट बघितलं तरच दिसेल एवढीच. शेवटी आभार झाले. मंडपवाल्याचं नाव, साऊंडवाल्याचं नाव, अल्पोपाहार देणाऱ्या काकांचं नाव, "आणि शाहीर व त्यांचे सहकारी".

सहकारी!

नंतर टेम्पोत सामान चढवताना मी काकांना गाठलं. किती वर्षं झाली विचारलं. म्हणाले, "मोजली न्हाईत. शाहिरांची मिसरूड फुटायची हुती तवापास्नं." घरी दीड एकर ऊस, बाकीचं हे. मग म्हणाले, आता पार्ट्या आठाच्या चारावर आल्यात. लोक मानधन कमी करा म्हणतात, मग माणसं कमी होतात, काही ठिकाणी तर मागं रेकॉर्ड केलेला ट्रॅकच लावतात. "पहिला नंबर आमचाच लागतोय. आमचे शाहीर न्हाई म्हणत्यात म्हणून हाय."

मी नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मग मी कॉलेजच्या मासिकात लिहिणार आहे म्हटल्यावर माझा हात धरला. "नगं पोरा. माझं एकट्याचं छापलंस तर शाहिरांना काय वाटंल?"

त्यांचा शब्द आहे म्हणून इथं नाव नाही. पण पत्रिकेवर छापायला त्यांची ना नाही, हे मी नंतर फोन करून विचारून घेतलंय, कारण तिथं शाहिरांचं नाव वर असतं आणि सगळ्या साथीदारांचं खाली. तेवढं त्यांना पटलं.

तर कल्चरल सेक्रेटरी, हे तुझ्यासाठी. यंदाच्या शिवजयंतीच्या बजेटमध्ये डीजे लाइटला जेवढे पैसे धरलेत त्यात अख्खी आठ माणसांची पार्टी येते, मी फोनवर विचारलंय. साऊंडवाल्याला चौथा माईक आधीच सांगून ठेव, छोटा क्लिपवाला चालेल, तुणतुण्याच्या तोंडाशी लावायचा. 'किरकिर' येणारच, ती तारेची आहे, काढायची नाही. पत्रिकेचं प्रूफ मंगळवारी प्रेसला जातंय. साथीदारांच्या आठ नावांचा कागद मी तुझ्या रूमच्या दाराखालून सरकवलाय. तिसरी ओळ नीट वाच, माझं अक्षर खराब आहे.