होडीवरचा डेक
अमेरिकेतील तळ्यांवर मासेमारीस निघणाऱ्या 14 फुटी, सपाट बुडाच्या ॲल्युमिनियमच्या होडीत उभे राहून गळ टाकता यावा म्हणून हौशी मंडळी जो डेक बसवितात, तो जितका उंच तितका होडी कलंडण्याचा संभव अधिक. सबब तो खालीच असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. 1971 च्या तेथील नौकासुरक्षा कायद्यान्वये जडविलेल्या पट्टीवरील भारमर्यादेतून डेकचे वजन प्रथम वजा करावे. ताम्रयुक्त द्रव्य मुरविलेले प्लायवुड तर सर्वथा वर्ज्य, कारण ओल लागताच त्यातील तांबे ॲल्युमिनियमला खाऊ लागते, आणि डेकखाली पत्र्यावर धरलेली पांढुरकी भुकटी व सूक्ष्म छिद्रे तळात पाणी येईपर्यंत नजरेस पडत नाहीत. बाकांखालचा फोम मात्र, पाणी भरल्यावर होडीस तरंगती राखणारा तोच असल्याने, सामानाच्या जागेपायी कोणीही काढू नये.