दोष चिनी दुकानदाराचा की सरकारी परवान्याचा?

आग्नेय आशियाच्या अर्थकारणावर बोलणे निघाले की एक वाक्य हमखास ऐकू येते : इंडोनेशियातल्या तीन टक्के चिनी लोकांनी सत्तर टक्के अर्थव्यवस्था मुठीत ठेवली आहे. आकडे थोडे इकडे-तिकडे करून मलेशिया, फिलिपिन्स, थायलंडबद्दलही हेच सांगितले जाते. मग टीकाकार म्हणतात, ही जमात आतून एकजूट करून देश पोखरते. प्रशंसक म्हणतात, काटकसर, कष्ट आणि कन्फ्यूशियसचे संस्कार यांचे हे फळ आहे. हे दोन्ही पक्ष एकमेकांचे विरोधक वाटतात, पण दोघांचे गृहीतक एकच आहे. या संपत्तीचे मूळ चिनी माणसाच्या स्वभावात आहे, असे दोघेही धरून चालतात. माझे म्हणणे असे की ते मूळ त्या त्या देशातल्या राज्यकर्त्यांच्या कायद्यांत आणि परवान्यांत आहे.

आधी आकड्याचा समाचार घेऊ. हे सत्तर टक्के मुळात शेअर बाजारात नोंदलेल्या खासगी कंपन्यांच्या भांडवलाबद्दलचे आहेत, आणि तेही सरकारी व परदेशी कंपन्या वगळून काढलेले. पर्तामिनासारखी अवाढव्य सरकारी तेल कंपनी, सरकारी बँका, जावातली लाखो शेतकऱ्यांची भातखाचरे यांतले काहीच त्यात येत नाही. शिवाय हे भांडवल मोजक्या घराण्यांचे आहे. पश्चिम कालिमांतानमधल्या सिंकावांगचे गरीब चिनी किंवा तांगेरांगचे पिढ्यान्‌पिढ्या हलाखीत राहिलेले ‘चिना बेन्तेंग’ यांना या टक्केवारीतून काय मिळाले? पेराकच्या कथील खाणींत आणि सुमात्राच्या देली भागातल्या तंबाखूच्या मळ्यांत मजूर म्हणून राबलेले चिनीही त्याच दक्षिण चीनमधून आले होते. संस्कारांनीच श्रीमंती येत असती, तर ती त्यांच्याही वाट्याला आली असती.

मग व्यापारात चिनी पुढे का? कारण बाकीच्या वाटा बंद केल्या गेल्या. जावात डच सरकारने अफूविक्रीचे आणि करवसुलीचे मक्ते चिन्यांना दिले, त्यांना ठरावीक वस्त्यांत राहण्याची आणि प्रवासासाठी परवाना घेण्याची सक्ती केली आणि १८७० च्या जमीन कायद्याने स्थानिकांची जमीन विकत घेण्यास परक्यांना मनाई केली. शेती नाही, हुद्दा नाही. उरला तो व्यापार आणि सावकारी. गावकऱ्याच्या दारात वसुलीला चिनी मक्तेदार यायचा, त्यामुळे राग त्याच्यावर निघायचा आणि महसूल मात्र डचांच्या तिजोरीत जायचा. स्वातंत्र्यानंतरही ही रीत मोडली नाही. १९५९ च्या आदेशाने परकीय नागरिकांना खेड्यांतल्या किरकोळ व्यापारातून बाहेर काढले. पुढे हुकूमशहा सुहार्तोंच्या राजवटीत चिनी शाळा बंद पडल्या, नावे बदलण्यासाठी दबाव आला, चिनी सण जाहीरपणे साजरे करण्यावर बंदी आली. आणि त्याच राजवटीने लिएम सियू लिओंग यांच्यासारख्या निवडक उद्योगपतींना पीठगिरण्यांपासून सिमेंटपर्यंतच्या सवलती बहाल केल्या. यात विसंगती नाही. ज्याला निवडणूक लढवता येत नाही, ज्याच्यामागे जमाव उभा राहत नाही, असा श्रीमंत भागीदार हुकूमशहाला सर्वांत सोयीचा असतो. मे १९९८ मध्ये सुहार्तोंचे आसन डळमळले तेव्हा लिएम यांचे जकार्तातले घर जाळले गेले. त्या दंगलींत हजाराहून अधिक माणसे मेली आणि त्यांतली कितीतरी जळत्या मॉलमध्ये अडकलेली गरीब इंडोनेशियन होती.

याउलट सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, दारे तुलनेने उघडी होती. फूजियानहून आलेले खॉ सू चियांग करवसुलीच्या मक्त्यातून वर येत रानोंगचे गव्हर्नर झाले. तिथेही राजा वजिरावुध यांनी १९१४ मध्ये चिन्यांवर जहरी लेखन केलेच. पण विवाह, थाई नावे आणि राजदरबारातला शिरकाव यांमुळे काही पिढ्यांत चिनी आणि थाई यांमधली रेघ पुसट झाली. चिनी मुळाच्या घराण्यातले थाक्सिन शिनावात्रा पंतप्रधान झाले. त्यांच्या विरोधकांना त्यांचा राग आला तो त्यांच्या कारभाराचा. त्यांचे मूळ हा वादाचा मुख्य मुद्दा नव्हता.

यावर पहिला आक्षेप असा की विषमता तर खरीच आहे, ती दूर करायची नाही का? जरूर करायची. १९७० मध्ये मलेशियातल्या भागभांडवलात भूमिपुत्रांचा, म्हणजे मलय आणि इतर मूळ रहिवाशांचा, वाटा अवघा २.४ टक्के होता. मात्र त्याच वर्षी परदेशी, मुख्यतः ब्रिटिश, मालकी ६० टक्क्यांहून अधिक होती, हे सांगायचे राहून जाते. १९७१ च्या नव्या आर्थिक धोरणाने शिक्षण आणि नोकऱ्यांत मलय मध्यमवर्ग उभा केला, हे त्याचे खरे यश. जिथे ते परवाने वाटायला गेले तिथे ‘अली-बाबा’ धंदे उगवले : परवाना मलय अलीच्या नावावर, भांडवल आणि कारभार चिनी बाबाचा. १९९० पर्यंत भूमिपुत्रांचा वाटा १९ टक्क्यांच्या आसपास गेला, तरी चिनी वाटाही वाढला. घटला तो परदेशी कंपन्यांचा.

दुसरा आक्षेप निष्ठेचा : या लोकांचे मन चीनमध्येच आहे, असा. चीनने १९८० च्या सुमारास शांतौ आणि श्यामेन येथे विशेष आर्थिक क्षेत्रे काढली, ती या लोकांच्या मूळ गावांजवळ; आणि त्यांचा पैसा तिथे गेलाही. पण नफा दिसला तिथे जपानी आणि अमेरिकी पैसाही गेला. चीनने १९५५ मध्ये इंडोनेशियाशी करार करून दुहेरी नागरिकत्वाचा प्रश्न मिटवण्याचे मान्य केले आणि १९८० च्या कायद्याने दुहेरी नागरिकत्वच नाकारले. दक्षिण चीन समुद्रावरून २०१३ मध्ये चीनला आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचणारे फिलिपिन्सचे अध्यक्ष बेनिग्नो अकिनो तिसरे हे आईकडून चिनी वंशाचे होते. रक्तावरून निष्ठा ओळखणाऱ्यांनी याचा खुलासा करावा.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. १८७५ मध्ये सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यांचा राग खरा होता, पण रोखीतला सारा आणि सावकाराकडे झुकणारी कोर्टे त्या आगीत जळली नाहीत. त्यांतल्या कोर्टांना थोडा हात लागला तो १८७९ च्या कायद्याने. व्यापाऱ्याला हटवून प्रश्न सुटत नाही, हे व्हिएतनामलाही कळले : त्याने १९७८ मध्ये सायगावमधल्या चोलोन या चिनी वस्तीचा खासगी व्यापार बंद पाडला, लाखो चिनी देश सोडून गेले आणि १९८६ मध्ये त्याच सरकारला खासगी व्यापाराला पुन्हा वाट द्यावी लागली. इंडोनेशियाने २००० साली सणांवरची बंदी उठवली आणि २००६ मध्ये नागरिकत्वाचा कायदा सुधारला. ती दिशा योग्य आहे. पण नुसते समान नागरिकत्व पुरणार नाही. परवाना, कर्ज आणि कंत्राट मंत्र्याच्या मर्जीवर मिळत राहिले, तर चिनी मक्तेदाराच्या जागी दुसऱ्या जातीचा मक्तेदार येईल आणि ग्राहक आहे तिथेच राहील. म्हणून ज्याला ही मूठ खरोखर सोडवायची आहे, त्याने दुकानदाराचा वंश शोधत बसण्यापेक्षा परवान्यावर सही कोणाची आहे ते विचारावे.