प्रश्न विचारणारा नट

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव उघड्यावर होतो. वाहनांच्या रांगा लागतात, व्यापारी माल पाहतात, बोली चारचौघांत पुकारली जाते आणि भाव ठरला की तोच कांदा शेकडो मैल दूरच्या बाजारपेठांकडे रवाना होतो. पिकविणारा एक, खाणारा दुसरा, आणि या दोघांना जोडणारा वाहतूकदार तिसरा. या तिसऱ्याचे महत्त्व ज्या गावाला निराळे सांगावे लागत नाही, त्या गावाला डॉ. श्रीराम लागू यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘लमाण’ का, हेही सांगावे लागू नये. बैलांच्या तांड्यांवरून एका मुलखातला माल दुसऱ्या मुलखात नेणारे ते लमाण. लेखकाचा माल प्रेक्षकांपर्यंत पोहोचविणारा तो नट, अशी आपल्या व्यवसायाची नम्र व्याख्या लागूंनी त्या एका शब्दात केली.

१६ नोव्हेंबर १९२७ ही त्यांची जन्मतारीख. २०२७ हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष. शताब्दी म्हटली की हारतुरे आणि फलक आलेच. परंतु या माणसाचे स्मरण कशासाठी करावयाचे, हे आधी ठरविलेले बरे.

साताऱ्यात जन्मलेले लागू पुण्यात वैद्यक शिकले आणि कान, नाक व घशाचे शल्यविशारद झाले. पुण्यात आणि पुढे आफ्रिकेतील टांझानियात त्यांनी व्यवसाय केला. हौशी रंगभूमीवर ते तरुणपणापासून वावरत होतेच. पण वयाची चाळिशी उलटल्यावर, १९६९ साली, स्थिरावलेला दवाखाना सोडून ते पूर्णवेळ नट झाले. त्यासाठी निवडलेले नाटक ‘इथे ओशाळला मृत्यू’ हे होते व त्याचे लेखक वसंत कानेटकर नाशिकचे प्राध्यापक होते. पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर १९७० रोजी, ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला. ते नाटकही नाशिकच्याच वि. वा. शिरवाडकरांचे. आप्पासाहेब बेलवलकरांची ही भूमिका दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा समर्थ नटांनी पुढे केली. तरी तिचे माप लागूंनी घालून दिले होते. म्हणजे या लमाणाने आरंभी जो माल वाहिला, तो आपल्याच जिल्ह्यात पिकलेला होता. नाशिककरांनी याचा अभिमान जरूर बाळगावा.

तथापि खेड्यापाड्यांतील बहुसंख्य लोकांना लागू भेटले ते रंगमंचावर नव्हे, पडद्यावर. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’तील (१९७२) तत्त्वनिष्ठ गुरुजींचे अधःपतन त्यांनी पाहिले. हिंदीत ‘घरौंदा’साठी लागूंना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, अॅटनबरोंच्या ‘गांधी’त (१९८२) ते गोखले झाले. परंतु बाजारपेठेच्या गावाने ज्याच्याकडे पुन्हा पाहावे असा चित्रपट आहे तो ‘सामना’. विजय तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. नीळू फुले साखरसम्राट हिंदुराव, आणि लागू कोठून तरी भटकत आलेले, दारूत बुडालेले मास्तर. हिंदुराव मास्तरांना आसरा देतो, खाऊपिऊ घालतो. मास्तर मात्र मारुती कांबळे या नाहीशा झालेल्या माणसाचे काय झाले, एवढेच विचारीत राहतात. त्यांच्या हाती ना सत्ता, ना पैसा, ना पक्ष. केवळ तो प्रश्न सोडावयाचा नाही, एवढे त्यांना ठाऊक आहे. आणि तेवढ्यानेच तालुक्याची सत्ता हादरते.

येथे कोणी म्हणेल, की प्रश्न तेंडुलकरांचा. नटाने तो केवळ उच्चारला, मग श्रेय त्याला कशासाठी? आक्षेप वाजवी आहे. परंतु कोणता माल वाहावयाचा, ही निवड लमाणाची असते. लागूंनी हात आखडून घेतले नाहीत. ‘गिधाडे’सारखे प्रक्षोभक नाटक त्यांनी दिग्दर्शित केले. सत्तरी ओलांडल्यावर मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’मध्ये ते सॉक्रेटिस झाले, प्रश्न विचारण्यासाठी विषाचा प्याला पत्करणारा सॉक्रेटिस. आणि रंगमंचाबाहेर तर शब्दही त्यांचे स्वतःचेच होते. देवाला निवृत्त करावे, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले. लोक संतापले. तेव्हा घरात न बसता डॉ. नरेंद्र दाभोलकरांसमवेत ते गावोगाव गेले व विरोधकांच्या प्रश्नांना भर सभेत सामोरे गेले. त्यांचे निरीश्वरवादी मत आमच्या अनेक वाचकांना पटणार नाही. पटलेच पाहिजे असेही नाही. परंतु न पटणाऱ्या मताला उत्तर सभेत द्यावयाचे असते, हा रिवाज त्या सभांनी जपला होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली, तेव्हा हा रिवाज किती नाजूक आहे, हे महाराष्ट्राला कळले. १७ डिसेंबर २०१९ रोजी लागूही गेले.

म्हणून या शताब्दीकडून आमची अपेक्षा माफक आहे. ज्या त्या बाजारगावाने एका संध्याकाळी ‘सामना’ दाखवावा. शाळेचे पटांगण आणि एक पडदा त्यासाठी पुरे. खेळ संपल्यावर दिवे लावावेत आणि लोकांना बोलू द्यावे. पहिल्या रांगेत बाजार समितीचे संचालक, सोसायटीचे अध्यक्ष, सरपंच आणि पत्रकार असावेत. मागून येणाऱ्या प्रश्नांना त्यांनी उत्तरे द्यावीत. प्रश्न अडचणीचे असतील, काही अडाणीही असतील. असू द्यावेत.

कांद्याचा भाव बंद खोलीत ठरू लागला, तर लासलगावचा शेतकरी तो क्षणभरही मान्य करणार नाही. मग गावाचा कारभार, माणसांची अब्रू आणि खऱ्या-खोट्याचा निवाडा यांची बोली तेवढी दाराआड का व्हावी? लागूंनी आयुष्यभर वाहिलेला माल उतरवून घेण्याचे काम आता आपले आहे.